एक गाय, चार गोठे

"तुम्ही नोकरीत नक्की करायचात काय?" असं मला अजून लोक विचारतात. शिक्षिका होते म्हटलं तर कळलं असतं, बँकेत होते म्हटलं तर मान मिळाला असता. मी मात्र लोकांच्या ओटीवर बसून "तुमच्या घरचा तांदूळ कुठल्या महिन्यापर्यंत पुरतो?" असं विचारत जिल्हाभर हिंडले. हे सांगितलं की समोरचं माणूस माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतं. माझी सख्खी आत्या तर रत्नागिरीच्या आमच्या आळीत चारचौघींत म्हणायची, "बी.ए. झाली आणि दुसऱ्यांच्या डब्यात डोकावायची नोकरी धरली!" आत्याच्या तोंडी लागण्यात अर्थ नसायचा. शिवाय ती म्हणायची ते खरंच होतं.

आमची एक संशोधन संस्था होती. लोक किती गरीब आहेत, का आहेत, आणि सरकारच्या योजना त्यांच्यापर्यंत पोचतात की वाटेतच जिरतात, हे शोधून काढायचं काम. आता गरिबी सरळ विचारून कळत नाही. "तुम्ही गरीब का हो?" असं विचारलं तर काहीजण लगेच हो म्हणतात, कारण पदरात काही पडेल अशी आशा असते, आणि बाकीचे मुळीच नाही म्हणतात, कारण शेजारीण कुडाआडून ऐकत असते. म्हणून आम्ही आडून आडून विचारायचो. भात होळीलाच संपतं की मिरगापर्यंत ओढतं? घरावर कौलं की गवत? मुंबईला कोण आहे, आणि तो गणपतीला येतो तेव्हा हात हलवत येतो की पिशवी घेऊन? दारात जनावर आहे का? शंभर आडवे प्रश्न विचारले की एक उभी गोष्ट कळायची.

आणि लोकही काही ऐकून घेणारे नव्हते. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना मी एका कोळणीला प्रश्न विचारायला गेले. तिने माझ्या हातातली पिशवी काढून वाळूत ठेवली, टोपलीचा एक कान माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हां, आता इचार. पन चालत चालत." टोपली उचलून बर्फाच्या गाडीपर्यंत जाईतो तिनेच माझी अख्खी मुलाखत घेतली. लग्न झालं का, नवरा काय करतो, झालं नाही तर का झालं नाही, घरचे काय झोपलेत का? संध्याकाळी मी ओल्या साडीने एस.टी.त चढले तेव्हा माझ्या शेजारची सीट कोणी घेईना. फार मजा यायची हो त्या दिवसांत.

पण मला सांगायचीय ती गोष्ट मंडणगडकडच्या डोंगरातली. वाडीचं नाव सांगणार नाही आणि माणसांची नावंही बदललीत. आमच्या कामातला तो पहिला नियम. आमचे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, आम्हाला बजावून सांगायचे, "एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. कोणाच्या भल्यासाठीसुद्धा नाही. एकदा नेलंत की त्या गावात पुन्हा कोणी खरं बोलणार नाही." तेव्हा मी मान डोलावली. मी जात्याच तोंडाळ, त्यामुळे हा नियम पाळताना पुढे माझ्या पोटात किती दुखणार आहे याची मला कल्पना नव्हती.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता. मुंबईला गेलेली माणसं नोकऱ्या गमावून गावाकडे परतत होती आणि गावात कोणी ते कबूल करत नव्हतं. जो तो "रजेवर आलोय" म्हणायचा. अशा घरांचं आता कसं चाललंय हे बघायला मला आणि पाटणकरला त्या वाडीत पाठवलं होतं. पाटणकर पुण्याचा. उंच, गोरा, चष्मेवाला, बिनलग्नाचा आणि सदा भुकेला. कोकणातली बोली त्याला निम्मी कळायची आणि उरलेली निम्मी कळल्यासारखा तो मान हलवायचा.

एस.टी.तून उतरल्यावर पिंपळाच्या पारावर एक म्हातारेबुवा बसले होते. आमच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना विचारलं, "बाबा, वाडीत घरं किती? लहान मुलं किती असतील? लग्नाच्या वयाच्या मुली किती?" वयानुसार माणसं मोजायची असतात, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. म्हाताऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाटणकरकडे नखशिखांत बघितलं आणि काठी टेकत जो सुटला तो आमच्या आधी वाडीत पोचला.

पहिल्याच घरी आमचं असं स्वागत झालं की ज्याचं नाव ते. सारवलेल्या ओटीवर नवी घोंगडी. घडवंचीवर घासून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा. बेसनाचे लाडू! गोठ्यात एक तांबूस गाय, एका शिंगाचं टोक मोडलेलं, दाराकडे तोंड करून उभी. घरची मुलगी नवं लुगडं नेसून चहा घेऊन आली आणि कप पाटणकरच्याच पुढ्यात ठेवून आत पळाली. पाटणकर लाडू खात होता. मी प्रश्न विचारले, उत्तरं लिहिली, आणि मनात म्हटलं, बरं आहे की हे घर.

दुसऱ्या घरी तीच घोंगडी. लाडू तेच. आणि गोठ्यात तांबूस गाय, शिंगाचं टोक मोडलेलं.

"इकडच्या गायींची शिंगं अशीच असतात का?" पाटणकरने मला हळूच विचारलं.

तिसऱ्या घरी आम्ही पोचलो तेव्हा गाय धापा टाकत होती. आम्ही पुढच्या पायवाटेने येत होतो आणि ती बिचारी मागच्या परसातून, कुंपणं ओलांडत. चौथं घर गंगूवहिनींचं. गंगूवहिनी म्हणजे विधवा बाई. नवरा मुंबईत असतानाच वारला, घरात एकुलती लेक विमल. घरावर गवत. आणि तरी ओटीवर घोंगडी, हंडा आणि गोठ्यात आमची ओळखीची पाहुणी. मी गोठ्यात डोकावले. खुंटा नुकताच तासलेला, त्याला दावं घासल्याची खूण नाही. जमिनीवर शेणाचा पत्ता नाही.

मला हसू आवरेना. म्हटलं, "वहिनी, गाय दमली हो. पाणी तरी दाखवा तिला."

गंगूवहिनींचा चेहरा पडला. आतून विमल मात्र फिस्सकन हसली आणि पदर तोंडाशी धरून बाहेर आली. चांगली उंच, सावळी, नजर समोरच्याच्या डोळ्यात रोखून बोलणारी मुलगी. तिनेच विचारलं, "ताई, तुमी मुलगी बगायला आलाव ना? ह्ये नवरदेव ना?"

लाडू पाटणकरच्या घशात अडकला. त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले, तेव्हा कुठे उलगडा झाला. वाडीत त्याच आठवड्यात विमलसाठी चौकशीला माणसं यायची होती. पलीकडच्या गावच्या सीताबाईंचा मुलगा यशवंत याचं स्थळ. आम्ही मुली किती म्हणून विचारलं आणि वाडीने आम्हालाच ती माणसं धरलं. गाय भिकूतात्यांची. भिकूतात्या म्हणजे वाडीतलं वडीलधारं माणूस, आणि वाडीतली एकुलती एक दुभती गायही त्यांचीच. ती विमलसाठी मागून आणलेली. पण शहरातला चष्मेवाला नवरा बघितल्यावर वाटेतल्या तीन घरांनी विचार केला, विमलला पसंत नाही केलं तर आपल्या पोरींनी काय घोडं मारलंय? म्हणून गाय तिथेही थांबली.

आम्ही कोण ते सांगितल्यावर वाडी अशी हसली की काही विचारू नका. भिकूतात्या स्वतः आले, गायीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पावन्यांनू, कुठं लिवू नका हां. आमच्याकडं असंच असतंय. पोर एका घरची, लाज समद्या वाडीची." चारही घरं आम्ही पुन्हा लिहून घेतली. पाटणकर लाडवांबद्दल मात्र कोणाचीही माफी मागायला तयार नव्हता.

हे सगळं तिथेच संपलं असतं तर ती नुसती एक गंमत झाली असती. पण पुढच्या आठवड्यात आम्ही दापोलीच्या बाजूला एका चिरेखाणीवर गेलो. जांभा दगड हाताने खणून, तासून त्याचे घरबांधणीचे चिरे काढायचे. उन्हातलं आणि लाल धुरळ्यातलं काम. तिथले मजूर कुठून येतात ते आम्हाला बघायचं होतं. एक तरुण माझ्यासमोर बसला. नाव यशवंत, गाव तेच, आई सीताबाई. मी कागदावर सीताबाईंचं नाव दोनदा लिहिलं.

"आधी काय करत होतास?"

"गिरणीत. संपात गेली नोकरी."

"घरी ठाऊक आहे?"

त्याने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. फडकं लाल झालं. "नाय. आईला सांगितलंय, मुंबईतच दुसऱ्या कारखान्यात लागलो. ताई, तुमी कुणाला बोलू नका. माजं लगीन ठरतंय. मुलगी शिमग्यात पालखीच्या टायमाला बगितली होती, मला लय आवडली. पन त्येंचं घर खातंपितं हाय. दारात दुभती गाय हाय, आई सवताच्या डोळ्यांनी बगून आली. खाणीतल्या मानसाला कशाला देतील ती पोर?"

अरे देवा! मी मान खाली घालून लिहीत राहिले. पाटणकर शेजारी बसून खोकू लागला. परतताना एस.टी.त तो मला म्हणाला, "सांगून टाकू या की! एक वाक्य इकडे, एक वाक्य तिकडे. दोघांचंही भलं होईल." मी त्याला झापलं. "आणि सरांनी काय सांगितलंय? आज भल्यासाठी नेशील, उद्या चहासाठी नेशील." बोलायला बोलले, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मुलगी गरीब, मुलगा गरीब, मुलाला मुलगी आवडलेली, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या श्रीमंतीला भ्यालेली. हे ठाऊक असलेली जगात दोनच माणसं, त्यातलं एक तोंडाळ, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप.

पडताळणीसाठी मी पुन्हा वाडीत गेले तेव्हा विमल विहिरीवर मला गाठून उभी राहिली.

"ताई, तुमी त्येंच्या गावात पन गेला असाल."

"गेले असेन."

"मग सांगा की, कसं हाय त्येंचं? आय दिवसभर गुणगान गाते, जावई मुंबईत कारखान्यात हाय. मला भ्या वाटतंय. एवढ्या चांगल्या घरात आमी खोटं बोलून जायाचं?"

"मला सांगता येत नाही गं."

"बरं. मग आमचं खरं काय ते त्येंना तरी जाऊन सांगा. गाय आमची नाय म्हनून."

"तेही सांगता येत नाही."

तिने कळशी खाली ठेवली. "मग तुमचा उपेग तरी काय वो?"

मला त्या मुलीचा राग यायला हवा होता. मला ती फार आवडली. मी एवढंच म्हटलं, "विमल, मला जे सांगायची बंदी आहे, त्याची तुला नाही." तिने कळशी कमरेवर घेतली आणि निघून गेली.

सुपारीच्या दिवशी आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. गंगूवहिनींच्या ओटीवर दोन्हीकडची मंडळी बसली. यशवंत "मुंबईहून रजा काढून" आला होता, नवा कोरा शर्ट घालून. मला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी छताकडे बघत बसले. मुलीकडून बोलायला वडीलधारे म्हणून भिकूतात्या. आणि गोठ्यात, अर्थात, त्यांचीच गाय.

बोलणी गोडीत चालली होती. पानाचं तबक फिरलं. सगळं ठरत आलं तेव्हा सीताबाई सावरून बसल्या. ठेंगणी, खणखणीत आवाजाची, जन्मभर एकटीने घर ओढलेली बाई. म्हणाल्या, "आमचं मागनं कायबी नाय. देवाच्या दयेनं पोरगा मुंबईत कमावतोय. पन लेकीला आंदन म्हनून ती तांबडी गाय द्या. माजं मन बसलंय तिच्यावर."

भिकूतात्यांना ठसका लागला. पानाचा तोबरा भरलेला, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. स्वतःची गाय दुसऱ्याची म्हणून तिसऱ्याला द्यायची पाळी आलेला माणूस मी आयुष्यात तेवढा एकच बघितला. नाही म्हणावं तर सुपारी मोडते, हो म्हणावं तर गाय जाते. गंगूवहिनी खांबाला धरून उभ्या होत्या. पाटणकरने माझ्या कोपराला एवढ्या जोरात चिमटा काढला की त्याचा वळ चांगला दोन दिवस राहिला. मी दात आवळून बसले होते. कधी नव्हे ते मला नोकरीचा राग आला.

आणि आतून विमल बाहेर आली. अशा बैठकीत मुलगी बोलावल्याशिवाय येत नाही. ती आली, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"गाय आमची नाय," ती म्हणाली. "तात्यांची हाय. हंडा शेजारच्या काकीचा. घोंगडी पन मागून आनलेली. आमच्याकडं मी आनि माजी आय, दोगीच हाव. ह्येच्यावर होत असंल तर सुपारी फोडा."

गंगूवहिनी मटकन खाली बसल्या. मी यशवंतकडे बघितलं. मला बोलायची बंदी होती, बघायची नव्हती; आणि मी असं बघितलं म्हणता! तो उठला.

"आई, मी पन मुंबईत नाय."

"काय?"

"कारखाना नाय, काय नाय. दापोलीला खाणीवर चिरे काढतोय. संप फिसकटला तवापासून."

सीताबाईंनी लेकाकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही बाई याला सगळ्यांदेखत थोबाडीत मारणार. त्या उठल्या, त्याच्याजवळ गेल्या, त्याचा उजवा हात उपडा केला आणि तळवा बघितला. भेगा पडलेला, लाल झालेला तळवा. भेगांतला तो रंग साबणाने जात नाही.

"म्हनून," त्या हळू म्हणाल्या. "मी म्हनायची, कारखान्यात सावलीत काम, आनि पोराच्या हाताला ह्ये काय होतंय. आनि तू मला सांगायचास, मशिनीचं तेल लागतंय." त्यांचे डोळे भरून आले. "मेल्या, मला तरी सांगायचं होतंस. मी काय तुला घराभायेर काडला असता?"

तो मान खाली घालून रडू लागला. विमल समोरच उभी होती. तिने त्याच्यावरची नजर काढली नाही. आणि भिकूतात्यांचा ठसका एकदाचा थांबला.

सीताबाईंनी पदराने डोळे पुसले, ओटीवरच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि आपल्या मूळच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "म्हंजे गाय नाय, कारखाना नाय. आता ऱ्हायलं काय? ही दोन मानसं ऱ्हायली. त्येंचंच लगीन लावू. फोडा वो तात्या सुपारी!"

असा गलका उठला की गोठ्यातली गाय दावं ओढून हंबरू लागली. भिकूतात्यांनी सुपारी फोडली, गूळ वाटला आणि लगेच हात वर करून जाहीर केलं, "एक सांगून ठेवतो, गाय मी देनार नाय! पुढलं वासरू झालं तर बगू." गंगूवहिनी एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. मी तर सुटल्यासारखी बडबडत सुटले. महिनाभर तुंबलेलं होतं सगळं. पाटणकरने मागितल्याशिवाय तीन लाडू खाल्ले, आणि या वेळी ते खरोखर गंगूवहिनींच्या घरचे होते.

आमच्या अहवालाचं पुढे काय झालं ते विचारू नका. चांगला जाडजूड झाला, बांधणी छान, आणि कुठल्यातरी कपाटात गेला असेल. त्यात कोष्टकं होती. "स्वतःचं जनावर" असा रकाना होता आणि "जनावर नाही" असा होता. पण गरज पडली की सगळ्या वाडीचं होणारं जनावर कुठे लिहायचं ते आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे. वाडीचा आधार होता तो त्या गायीत होता, आणि कागदावर तिची जागा नव्हती.

सुपारीनंतर जेवणं झाली आणि मी निघायला उठले, तर सीताबाईंनी मला हाताला धरून पुन्हा ओटीवर बसवलं. त्यांच्या घरची माहिती आम्ही पूर्वीच घेतली होती, आणि मुलाचा कारखाना त्यांनी तेव्हा चढ्या आवाजात ऐकवला होता.

"बस गो बाय. काड तुजा कागद. माजं पयलं समदं खोड आनि पयल्यापासून इचार."

वाडीची अर्धी माणसं अजून अंगणातच होती. मी म्हटलं, "सावकाश करू, मावशी. तुमच्या घरी येईन मी, तिथे निवांत बोलू."

"घरी कशाला? हितंच इचार. समद्यांनी ऐकू दे."

मी कागद काढला. घरात माणसं किती, भात कधीपर्यंत पुरतं, घरावर काय. त्या एकेक खरं उत्तर देत गेल्या, पाठ ताठ करून. विमल शेजारी येऊन बसली होती. मग यशवंतबद्दलचा प्रश्न आला आणि मी नकळत आवाज खाली आणला.

"मुलगा काय करतो?"

सीताबाईंनी आवाज खाली आणला नाही. पार पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "चिरे काडतो. लिव. आनि जरा ठसठशीत लिव."